दाढीचा ब्रश घेण्याआधी: ठाण्याचं पाणी, आपला पावसाळा आणि माझे पाच ब्रश

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

या महिन्यात ऑफिसातल्या दोघांनी आणि सोसायटीतल्या एकाने मला एकच प्रश्न विचारला: दाढीचा ब्रश कुठला घेऊ? तोंडी सांगताना प्रत्येक वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवतो. अकरा वर्षं मी ब्रशनेच दाढी करतोय. सध्या घरात पाच ब्रश आहेत, त्यातले तीन रोजच्या वापरात. सगळे पदरचे पैसे घालून घेतलेले.

ब्रशबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक थंड हवेच्या देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. तिकडे सकाळी धुतलेला ब्रश संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो. आपल्याकडे जुलैत बनियन दोन दिवस दोरीवर राहूनही कुबट वास मारतं, मग बाथरूमच्या कोपऱ्यातल्या ब्रशची काय कथा? म्हणून माझं म्हणणं असं, की ठाणे-नवी मुंबईत केसाची प्रत, मुठीचा रंग, कंपनीचं नाव हे सगळं नंतर बघायचं. आधी दोन गोष्टी: तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं, आणि ब्रश वाळवायला घरात जागा आहे का.

आता केसांबद्दल.

डुकराच्या केसांचा ब्रश, ज्याला बाजारात बोअर म्हणतात, हा माझा सगळ्यात लाडका. पहिला चांगला ब्रश घेतला तो ओमेगाचा १००४९. ओमेगा ही इटलीतल्या बोलोन्याची, १९३१ पासूनची कंपनी. केस लांब, भरगच्च गुच्छ, किंमत आवाक्यात. कुठलाही नवा बोअर पाण्यात घातला की ओल्या जनावराचा वास येतो. शाम्पूने दोन-तीनदा धुतला आणि आठवडाभर वापरला की तो जातो, त्याला घाबरून ब्रश परत करू नका. पहिले पंधरा दिवस हा ब्रश केलेला फेस स्वतःच पिऊन टाकतो, गालावर काही उरत नाही. बरेच जण इथेच कंटाळतात. पण त्यानंतर प्रत्येक केसाच्या टोकाला फाटे फुटायला लागतात, एका केसाचे दोन-तीन बारीक तंतू होतात, आणि टोकं मऊ पण बुंधा ताठ असा ब्रश तयार होतो. तो गालावर फिरतो तेव्हा दाढीचे खुंट उभे राहिलेले बोटाला कळतात. वापरून वापरून सुधारत जाणारी वस्तू रोज हातात घ्यायला फार छान वाटतं.

बोअरचा केस पाणी शोषतो, म्हणून तो आधी भिजवावा लागतो. मी दात घासायला घेतानाच ब्रश कोमट पाण्याच्या मगात ठेवतो, तोंड धुऊन होईस्तोवर तो तयार. पण जे शोषलं ते सुकायलाही हवं! ऑक्टोबर ते मे काही अडचण नाही. पावसाळ्यात मात्र एकच बोअर रोज वापरला तर तो पुरता कधीच वाळत नाही. माझा एक ब्रश याच कारणाने गेला. लाकडी मुठीचा होता, बाथरूमच्या कपाटात बंद राहिला, ऑगस्ट संपेपर्यंत गुच्छाच्या मुळाशी काळी बुरशी आणि मुठीला चीर. तेव्हापासून दोन बोअर आलटून पालटून वापरतो, आणि पावसाळ्यात दोन्ही बाथरूमबाहेर, हॉलच्या खिडकीत. दुसरा सेमोगचा १३०५ आहे, पोर्तुगालचा. ओमेगापेक्षा लहान, ताठ, साबणवडीवर उत्तम चालतो.

बॅजरचा ब्रश एकच घेतला, तोही सगळ्यात महाग. बॅजर हा बिळात राहणारा, तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला प्राणी. त्याचा केस मध्यभागी जाड आणि टोकाला निमुळता असतो, त्यामुळे गुच्छात पाणी भरपूर राहतं आणि फेस दाट होतो. इंग्लंडची सिम्पसन (१९१९) आणि केंट (१७७७), पॅरिसची प्लिसाँ (१८०८) ही नावं या ब्रशांमुळेच मोठी झाली. स्पर्श सुंदर आहे, खोटं बोलणार नाही. पण 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर', 'सिल्व्हरटिप' या ज्या प्रती सांगतात त्यांना कुठलंही सामायिक प्रमाण नाही. एका कंपनीचा 'बेस्ट' दुसरीच्या 'सुपर'इतका असू शकतो. नाव वाचून चौपट पैसे मोजू नका.

राहिला सिंथेटिक. जुना नायलॉनचा ब्रश आठवून नाक मुरडणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. मागच्या दहा-पंधरा वर्षांत हे तंतू पूर्ण बदललेत. टोकं निमुळती करतात, गालाला रेशमासारखी लागतात. माझा रोजचा ब्रश याकी या चिनी कंपनीचा, 'टक्सिडो' गुच्छाचा आहे, २४ मिलिमीटरचा (म्हणजे मुळाशी गुच्छाची रुंदी), खाली काळा, टोकाला पांढरा. भिजवायचा नाही, नुसता ओला करून झटकायचा. बदामाएवढं क्रीम, तीस-चाळीस सेकंद, फेस तयार. आणि मुख्य म्हणजे तंतू पाणी पीत नाहीत. झटकून, टॉवेलवर फिरवून ठेवला तर भर पावसाळ्यातही दुसऱ्या सकाळी कोरडा असतो. जर्मनीच्या म्यूलेचा सिंथेटिक मी मित्राकडे वापरून बघितलाय, तो आणखी मऊ आहे, पण किंमतही तशीच.

घोड्याच्या केसांचा पाचवा ब्रश आहे, स्पेनचा. बोअर आणि बॅजरच्या मधला. वाईट नाही, पण मुद्दाम शोधत जावं असंही नाही.

पहिलाच ब्रश घेणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे: २२ ते २४ मिलिमीटर गुच्छाचा, प्लॅस्टिक किंवा रेझिनच्या मुठीचा सिंथेटिक घ्या. लाकडी मूठ नको. मला याकी हजाराच्या आत-बाहेर पडला होता, ओमेगाही साधारण तेवढ्यालाच. जांभळी नाक्यावरच्या घाऊक दुकानांत शंभर-दीडशेला मिळतात ते ब्रश सवय लागते का ते बघायला ठीक आहेत, पण त्यातले बरेच केस गाळतात. पहिल्या आठ-दहा वेळा दोन-चार केस गळणं कुठल्याही ब्रशचं होतं. महिन्यानंतरही गळत असतील तर मुळाशी डिंक सुटलाय, त्याला इलाज नाही.

पाण्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, इथे फार लांबलं.

मजला_२६ (कासारवडवली)

अगदी वेळेवर धागा आला. आमच्या टॉवरमध्ये वर्षातले निदान सहा महिने टँकर. अंघोळीचा साबण लागत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. डब्यातला फोम वापरतो, पण मानेवर पुरळ उठते. ब्रश घेतला तर या पाण्यात फेस होईल का? सासऱ्यांचा एक जुना ब्रश घरात पडून आहे, त्याने करून बघितला तर नुसतं दुधासारखं पातळ काहीतरी झालं.

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

मजला_२६, दुधासारखं पातळ झालं हीच खूण. दोष ब्रशचा नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. महापालिकेचं पाणी धरणाचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं, त्यात क्षार कमी. टँकरमध्ये बऱ्याचदा बोअरवेलचं असतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक शब्द आठवतोय का, दुष्फेन पाणी? ज्यात फेस नीट होत नाही ते. आपल्या भाषेने ही अडचण नावातच सांगून ठेवलीय.

घरी तपासायला रिकाम्या बाटलीत थोडं पाणी घ्या, साध्या साबणाचा चुरा टाकून जोरात हलवा. वर भरघोस फेस आणि खाली स्वच्छ पाणी असेल तर पाणी चांगलं. फेस नाही आणि पाणी गढूळ झालं, कडेला चिकट कण दिसले, तर दुष्फेन.

उपाय सोपा आहे. एका दाढीला फेस करायला अर्धी वाटी पाणी पुरतं. तेवढं आरओचं घ्या. चेहरा धुवायला नळाचंच चालेल. फक्त आरओतून नळीने बाहेर जाणारं टाकाऊ पाणी घेऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

रसायन_शिकवते (नेरूळ)

धागा आवडला. पाण्याच्या मुद्द्यात थोडी भर घालते, कारण इथे बरेच जण टीडीएस मीटरवर बोट ठेवून बसतात.

साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं की ते साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा साका तयार होतो. म्हणजे तुम्ही घातलेल्या साबणातला काही भाग फेस करायच्या आधीच खर्ची पडतो. बादलीला बसतो तो पांढरा थर आणि ब्रशच्या मुळाशी जमतो तो चिकट थर, दोन्हींचं मूळ पाण्यातल्या याच क्षारांत आहे. टीडीएस मीटर मात्र पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो, त्यात साधं मीठही येतं. त्यामुळे टीडीएस सारखं असलेल्या दोन पाण्यांत फेस वेगवेगळा होऊ शकतो. खाडीकाठ यांनी सांगितलेली बाटलीची चाचणी या कामासाठी मीटरपेक्षा बरी.

दुसरं, "साबणवडी सोडून क्रीम घ्या, अडचण सुटेल" असं सांगतात ते अर्धंच खरं. दाढीची बरीच क्रीमं मुळात साबणच असतात, स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून केलेली. पाणी खराब असेल तर क्रीमही जास्त लागतं.

नवी मुंबई महापालिकेला स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे आमच्याकडे नेरूळला फेसाची तक्रार मी तरी ऐकली नाही. माझे यजमान वीस वर्षं एकाच स्टीलच्या वाटीत फेस करतायत.

पाचपाखाडी_जुना

काही समजत नाही, एवढा खटाटोप कशासाठी? हाताला क्रीम लावायचं, गालावर चोळायचं, दोन मिनिटांत दाढी. ब्रशने असं काय वेगळं होतं?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

प्रश्न रास्त आहे. हाताने क्रीम वरच्या वर लागतं आणि केस त्वचेवर आडवे झोपतात. ब्रश गोल फिरवला की केस उभे राहतात, मधली मृत त्वचा निघते, आणि पाणी केसाच्या मुळापर्यंत पोचतं. दाढीचा केस पाणी प्यायला की मऊ होतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. ब्रशने ती मिनिटं आपोआप मिळतात. तुमची त्वचा चांगली असेल आणि हाताने भागत असेल तर बदलायची गरज नाही. ज्यांना कापतं, आग होते, मानेवर उलटे केस वाढतात त्यांनी मात्र एकदा करून बघावं. पुरळ पिकलेली असेल त्या दिवसांत ब्रश नको, तिथे घासणं त्रासाचंच.

कौसा

माझा प्रश्न केसांबद्दल. आमच्या घरात डुकराचा केस चालत नाही. दुकानदाराला विचारलं तर तो सरळ सांगतो, "साहेब, चांगला माल आहे, घ्या." खोक्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं. ओळखायचं कसं?

नौपाडा_शाकाहारी

कौसा, +१. मलाही हेच विचारायचं होतं. प्राण्याचा केस कुठलाच नको.

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

दोघांनाही एकच उत्तर. खोक्यावर 'बोअर', 'हॉग' किंवा नुसतं 'ब्रिसल' लिहिलं असेल तर तो डुकराचा केस समजा. 'प्युअर ब्रिसल' हे तर हमखास तेच. काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, ज्यावर 'सिंथेटिक' किंवा 'नायलॉन' स्पष्ट छापलंय तोच घ्या.

घरात असलेल्या ब्रशची खात्री करायची असेल तर गुच्छातला एक केस ओढून काढा, चिमट्यात धरून काडीपेटीने पेटवा. प्राण्याचा केस जळताना डोक्यावरचे केस जळाल्यासारखा वास येतो आणि चिमटीत चुरडणारी राख उरते. नायलॉन वितळतो, टोकाला कडक गोळी होते, प्लॅस्टिकचा वास येतो. खिडकी उघडी ठेवा आणि ब्रश लांब ठेवा.

बोअरसारखा ताठपणा हवा पण केस नको अशांसाठी ओमेगाच करतं 'एस-ब्रश' नावाचे सिंथेटिक. दिसायला आणि वागायला बोअरच्या जवळ.

सीवूड्स_सकाळ

जाळून बघायची चाचणी मी केली आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन 'प्युअर बॅजर' घेतला, मुठीवर तसं कोरलेलंही होतं. भाव इतका कमी की शंका यायलाच हवी होती. पहिल्या दिवसापासून गालाला टोचायचा. शेवटी एक केस जाळला तर टोकाला चकचकीत काळी गोळी. साधा नायलॉन, वर काळा-पांढरा रंग दिलेला. विक्रेत्याला फोटो पाठवले, परत घ्यायची मुदत उलटून गेली असं उत्तर आलं. तेव्हा ज्यांना बॅजर घ्यायचाच आहे त्यांनी आल्या दिवशीच एक केस जाळा, मुदत संपायच्या आत.

तिसरी_पिढी (कळवा)

आमचं सलून आहे, आजोबांपासून. धागाकर्त्यांनी लिहिलंय ते बहुतेक पटलं. आमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगतो, घरी उपयोग होईल.

सलूनमध्ये आम्ही नायलॉनच वापरतो. लवकर धुतला जातो, लवकर सुकतो, जंतुनाशकात घातला तरी खराब होत नाही. तुम्ही सलूनला जात असाल तर स्वतःचा ब्रश घेऊन या. आमचे चार-पाच नेहमीचे गिऱ्हाईक तसं करतात, आम्हाला त्यात वाईट वाटत नाही.

दुसरी गोष्ट हाताची. लोक ब्रश गालावर दाबून, चेपून फिरवतात, भांडी घासल्यासारखा. त्याने गुच्छाच्या मधले केस मुळाशी मोडतात आणि सहा महिन्यांत मध्ये खळगा पडतो. ब्रशचं फक्त वरचं अर्ध टोक कामाला लावायचं. आधी गोल-गोल हलक्या हाताने, केस उभे राहीपर्यंत. मग भिंतीला रंग देतात तसे सरळ हात, फेस सारखा बसवायला. हनुवटीखाली आणि ओठाच्या वर थोडा जास्त वेळ, तिथले केस राठ असतात. आणि ब्रश लावायच्या आधी तोंडावर पाणी. कोरड्या गालावर ब्रश लावू नका, कितीही भारी असला तरी.

उकळतं पाणी ब्रशवर ओतू नका हेही सांगून ठेवतो. डिंक सुटतो.

वागळे_निवृत्त

ब्रशवर एवढं लिहिलंत, ब्लेडवरही कोणीतरी लिहा. ठाण्यात तर विद्युत मेटॅलिक्सचा, सुपरमॅक्स ब्लेडचा कारखाना होता. आमच्या पिढीला दाढीचं सामान म्हणजे ठाण्याचीच गोष्ट वाटायची. माझा एक अनुभव: ब्रश चांगला मिळाल्यापासून तेच ब्लेड मला एक-दोन दाढ्या जास्त जातं. केस मऊ झाला की धार कमी झिजते.

इतिहास_वाचतो (बेलापूर)

घोड्याच्या केसांवरून आठवलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशमुळे सैनिकांना आणि साध्या नागरिकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला होता. युद्धामुळे बॅजरचा पुरवठा आटला, तेव्हा पूर्वेकडून आलेले घोड्याचे केस पुरेसे निर्जंतुक न करता ब्रशात घातले गेले, त्यातले काही तर बॅजरसारखे दिसावेत असे केलेले. दाढी करताना होणाऱ्या बारीक जखमांतून जंतू आत जायचे. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. आजच्या ब्रशांना घाबरायचं कारण नाही, पण सीवूड्स_सकाळ यांच्याशी झालं तशी केसांची फसवणूक शंभर वर्षांपूर्वीही होत होती.

म्हणून जुन्या बाजारात मिळणारे, त्या काळचे केस अजून असलेले ब्रश संग्रहाला ठेवा, गालाला लावू नका.

ऐरोलीची_लेक

मला वेगळ्या कारणासाठी ब्रश हवाय. बाबांना फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू अजून साथ देत नाही. पूर्वी ते रोज न चुकता दाढी करायचे. आता मी करते, दर दुसऱ्या दिवशी, पलंगावर उशीला टेकवून. हाताने क्रीम लावलं की ते मान फिरवतात, त्यांना ते आवडत नाही. त्यांचा जुना ब्रश आणला तर पाणी गळ्यावरून बनियनमध्ये उतरतं. दुसऱ्याची दाढी करायला कुठला ब्रश योग्य?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

ताई, तुम्ही हे करताय हे वाचून बरं वाटलं. बाबांच्या जुन्या सवयीची वस्तू परत आणायचा विचार अगदी योग्य आहे.

लहान घ्या, २० ते २२ मिलिमीटरचा, मऊ सिंथेटिक. मोठा गुच्छ दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आवरत नाही, नाकात आणि ओठांवर जातो. सिंथेटिक अशासाठी, की बोअर आणि बॅजर पोटात पाणी धरून ठेवतात आणि दाबलं की सोडतात. तेच गळ्यावरून उतरतंय. सिंथेटिक ओला करून तीन-चारदा जोरात झटका, मग वाटीत क्रीमवर फिरवा. फेस चक्क्याइतका दाट झाला पाहिजे, वाटी कलती केली तरी न घसरणारा. पाणी थेंबाथेंबाने वाढवायचं. वाटी आधी गरम पाण्याने विसळून घ्या, म्हणजे गार फेस लागून ते दचकणार नाहीत. फेसाआधी कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन मिनिटं गालावर.

वॉर्ड_ड्यूटी (वाशी)

मी परिचारिका आहे. ऐरोलीची_लेक, झटक्यानंतर बऱ्याच जणांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात. छोटा काप गेला तरी रक्त लवकर थांबत नाही. ब्लेड वापरायचं की विजेवरचं मशीन, हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. ब्लेडला हो म्हणाले तर दुधारी रेझरपेक्षा हलणाऱ्या डोक्याचा कार्ट्रिज रेझर घ्या, आणि केसांच्या दिशेनेच एकदा फिरवा. उलटा हात नको. त्या बाजूला संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते त्यांना कळणार नाही, आधी स्वतःच्या मनगटावर बघा.

ब्रश फक्त त्यांचाच ठेवा, घरात दुसऱ्या कोणी वापरू नये.

ऐरोलीची_लेक

डॉक्टरांना विचारलं. कार्ट्रिजला हो म्हणाले, मानेखाली जपून करा म्हणाले. २० मिलिमीटरचा सिंथेटिक मागवते. मनापासून आभार दोघांचेही.

घणसोली_पहिली_नोकरी

पहिलाच ब्रश. दोन प्रश्न. गुच्छाला बोट लावून 'चांगला' कसा ओळखायचा? आणि तो स्टँडला उलटा टांगायचा की उभा ठेवायचा?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

कोरडा ब्रश तळहातावर टोकाने टेकवून हलका दाब द्या. टोकं टोचली तर नको. सगळा गुच्छ लगेच आडवा झाला आणि सावकाश परत आला तर तो ढिला आहे, फेस करेल पण गालावर जोर लागणार नाही. हात काढताच टपकन सरळ झाला तर चांगला. मग गुच्छाच्या मुळाशी दोन बोटांनी उघडून बघा, मध्ये मोकळी जागा दिसायला नको.

टांगायचा की उभा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी दोन्ही करून बघितलं, फरक दिसला नाही. फरक पडतो तो नीट धुऊन, पिळून, झटकून ठेवण्याने आणि हवेने. वाहत्या पाण्याखाली धरा, स्वच्छ पाणी निघेपर्यंत. मूठभर गुच्छ हलक्या हाताने पिळा, ओढू नका. सात-आठ झटके, टॉवेलवर चार फेरे. मग जिथे हवा आहे तिथे ठेवा. प्रवासाच्या डबीत ओला कधीच बंद करायचा नाही. मागे कोकणात गणपतीला जाताना मी घाईत तसं केलं होतं, चार दिवसांनी डबी उघडवेना इतका वास.

मजला_२६ (कासारवडवली)

तीन आठवडे झाले, म्हणून कळवतोय. २४ मिलिमीटरचा सिंथेटिक घेतला. पहिले चार दिवस आमच्याच नळाच्या पाण्याने केलं, मग अर्धी वाटी आरओच्या पाण्याने. फरक पहिल्याच दिवशी दिसला, क्रीमही निम्मं लागतं. मानेवरची पुरळ गेली असं म्हणणार नाही, पण नवीन उठत नाही. तिसरी_पिढी यांनी सांगितलेला सरळ हात मानेवर फार उपयोगी पडला, तिथे मी आधी घासत होतो.

एक राहिलं. सासऱ्यांचा जुना ब्रश टाकून द्यायला घरात कोणी तयार नाही. ते आता नाहीत. मुळाशी पांढरा कडक थर आहे आणि थोडा कुबट वास. तो वाचेल का?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

आधी मुळाशी बोटांनी उघडून उजेडात बघा. काळे किंवा हिरवट डाग असतील तर तो वापरू नका, धुऊन वाळवून आठवण म्हणून ठेवा. फक्त पांढरा थर असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा आणि साबणाचा साका आहे, निघतो. मोठ्या वाटीत कोमट पाणी, त्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर. गुच्छ तेवढा बुडेल असा दहा मिनिटं धरा, मूठ वरच राहू द्या. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब तळहातावर घेऊन हलक्या हाताने फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा. थर जाड असेल तर दोन दिवसांनी पुन्हा. नंतर ऊन असेल तर सावलीत पण वाऱ्यावर, दोन पूर्ण दिवस.

वास तरीही राहिला तर रोजच्या वापराला नको. नाही राहिला तर आठवड्यातून एकदा, रविवारी वापरा. फेसाला पाणी आरओचंच.